एकदाच विचारतात

उत्तराच्या माहेरी, नागपूरला, पाहुण्याने पहिल्याच खेपेला ‘हो’ म्हणणं म्हणजे हावरटपणा. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा पोटावर हात ठेवून नको म्हणायचं, आणि वाढणारी बाई हट्टाला पेटली की ‘बरं, अर्धीच वाढा’ म्हणून ताट पुढे करायचं. हे सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे तिथे कोणी उपाशी राहत नसे. लग्न होऊन अमेरिकेत आल्यावर मात्र उत्तरा पहिल्याच पार्टीत उपाशी राहिली. शेजारणीने केक विचारला, ही ‘नो, नो’ म्हणाली, आणि शेजारीण गोड हसून केक घेऊन पुढे निघून गेली.

तेव्हापासून चारुदत्तने ते काम अंगावर घेतलं. तो हृदयाचा डॉक्टर, ते राहत त्या नेपरव्हिल गावात त्याला मान होता. पण कोणाच्याही घरी गेला की यजमानांना हळूच सांगायचा, "हिला परत विचारा. ही नाही म्हणाली म्हणजे अजून काही ठरलेलं नाही." लोक हसायचे आणि परत विचारायचे. उत्तरा रागावल्याचं नाटक करायची. सगळा संसार असाच मजेत झाला. दोन वर्षांपूर्वी चारुदत्त गेला आणि तिच्या लक्षात आलं, की एवढ्या मोठ्या देशात आपल्याला दुसऱ्यांदा विचारायला लावणारा एकच माणूस होता.

त्याचं दिवसकार्य उरकल्यावर सावनी, त्यांची एकुलती एक मुलगी, स्वयंपाकघरात येऊन म्हणाली होती, "आई, तू आमच्याकडे डेन्व्हरला राहायला ये ना. खालची रूम रिकामीच आहे."

"नको गं," उत्तरा म्हणाली. "कशाला उगाच तुम्हाला त्रास."

सावनीने फडकं उचललं. "ओके आई. इट्स युअर चॉइस." एवढं बोलून ती भांडी पुसायला लागली.

झालं. विषय संपला. उत्तरा दुसऱ्या वेळेची वाट बघत राहिली. दुपारी विचारेल, निघताना विमानतळावर विचारेल, दिवाळीला फोनवर विचारेल. सावनीने विचारलं नाही. खालच्या खोलीत व्यायामाची सायकल आली. उत्तरा नेपरव्हिलच्या त्या मोठ्या घरात एकटी बर्फाकडे बघत दोन हिवाळे राहिली, आणि पोरीला आपण नकोच होतो, तोंडदेखलं विचारलं तिने, असं स्वतःला समजावत राहिली. माणूस एकटा असला की वाईट तेवढंच पटवत बसतो स्वतःला.

ह्या ऑगस्टमध्ये ती आठवडाभरासाठी लेकीकडे आली होती. सावनीने एकदा, फक्त एकदाच, पुन्हा विचारावं, एवढंच तिला हवं होतं. परतीचं विमान रविवारी होतं आणि आज शुक्रवार उजाडला होता. विचारण्याचं चिन्ह नव्हतं. त्याऐवजी सावनीने तिला डोंगरात आणलं होतं.

यूरे हे कोलोरॅडोतलं छोटंसं गाव, चहूबाजूंनी कड्यांनी वेढलेलं. सावनी आणि तिचा नवरा मिहीर तिथे कॅन्यनिंग करणार होते. म्हणजे काय, तर बर्फ वितळून खळाळत येणाऱ्या ओढ्यात उतरायचं आणि त्याच्याबरोबर घळीतून खाली यायचं: कधी दोराने, कधी घसरून, कधी डोहात उडी मारून. पाण्याने आपल्या वाटेने जावं आणि माणसाने रस्त्याने, असं उत्तराच्या पिढीचं मत होतं. पण मिहीरने दोनच दिवसांपूर्वी क्रिकेट खेळताना घोटा मुरगळून घेतला, आणि गाइडच्या दुकानात तो लंगडत शिरला तेव्हाच त्याचा निकाल लागला.

"तुम्हाला मी नेणार नाही," गाइड म्हणाली. तिचं नाव टेस. उन्हाने रापलेली, तिशीतली, एक शब्द जास्तीचा न बोलणारी. ती उत्तराकडे वळली. "जागा रिकामी झालीय. तुम्हाला पोहता येतं?"

"येतं," उत्तरा म्हणाली. येतं काय, कॉलेजात असताना पदकं मिळवली होती तिने पोहण्यात, आणि साठी उलटली तरी रोज सकाळी पोहण्याच्या तलावात उतरल्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे.

"मग येता?"

उत्तराला इतकं जावंसं वाटलं की तिची कानशिलं गरम झाली. आणि तोंडातून आलं, "नो, नो, आय ॲम फाइन. यू गो."

"ओके," टेस म्हणाली आणि तिसरं हेल्मेट परत फळीवर ठेवून दिलं.

उत्तरा त्या हेल्मेटकडे बघत राहिली. सावनी आपल्या जाड रबरी सूटच्या चेनशी झगडत होती. आई नाही म्हणाली म्हणजे नाही. अमेरिकेतच वाढलेली ती, आडूनआडून बोललेलं तिला कळत नसे. मिहीर मात्र पुण्यात वाढलेला. तो लंगडत सासूजवळ आला.

"आई, ती परत नाही हं विचारणार."

"कोण?"

"टेस. आमच्या पुण्यातसुद्धा एकदाच विचारतात, त्यामुळे मला अनुभव आहे. तुम्हाला जायचंय ना?"

उत्तराने एकदा फळीकडे पाहिलं. "एक्सक्यूज मी," ती जरा मोठ्यानेच म्हणाली. "मला यायचंय."

"आई! सीरियसली?" सावनी ओरडली. टेसने हेल्मेट खाली काढलं.

घळीच्या तोंडाशी टेसने दोघींना खुणा शिकवल्या. आत पाण्याचा आवाज एवढा असतो की बोललेलं ऐकू येत नाही. हात हेल्मेटवर ठेवला की ‘मी ठीक आहे’. हात वर करून हलवला की ‘मदत हवी’. "दोराचं वरचं टोक माझ्याकडे असतं," ती म्हणाली. "अडकलात तर मी वरून तुम्हाला खाली सोडू शकते. पण मला सांगायला हवं."

पहिला तासभर उत्तरा हरखून गेली होती. दोन्ही बाजूंना काळे कडे, वर आकाशाची निळी पट्टी, आणि खाली असं स्वच्छ पाणी की तळाचे गोटे मोजावेत. गुळगुळीत कातळावरून ती पाठीवर घसरत डोहात पडली आणि वर येऊन चक्क किंचाळली. सावनी हसून हसून वाकडी झाली. आईला एवढं मोकळं झालेलं बाबा गेल्यापासून तिने पाहिलंच नव्हतं.

पण पाणी बर्फाचं होतं. तिसऱ्या डोहातून बाहेर येताना उत्तराचे दात वाजायला लागले. टेसने पिशवीतून एक जाड बंडी काढली. "एकच जास्तीची आहे. थंडी वाजतेय?"

"नाही, नाही. तिला द्या."

टेसने बंडी सावनीला दिली. उत्तरा मनात म्हणाली, विचारील अजून एकदा. टेस पुढे दोर बांधायला लागली होती.

मग तो धबधबा आला. दोन-तीन मजले सरळ खाली. सावनी दोराने आधी उतरली आणि खालच्या डोहाशी जाऊन उभी राहिली. मग उत्तरा. हाताने दोर थोडा थोडा सोडत, कड्यावर पाय रोवत खाली जायचं होतं. अर्ध्यापर्यंत ती छान उतरली. तिथे एका अरुंद टप्प्यावर पाय टेकला आणि तिच्या ध्यानात आलं की आपली बोटं आपली राहिलेली नाहीत. दोर हातात आहे की नाही तेच कळेना. पाणी खांद्यावर आदळत होतं. ती तिथेच खिळली.

वरून टेस वाकली. तिने स्वतःच्या हेल्मेटवर हात ठेवून मान उडवली: ठीक?

आणि उत्तराने, जिचे हात बधिर झाले होते, जिचं रडू फुटायच्या बेतात होतं, तिने मुकाट्याने हात हेल्मेटवर ठेवला. ठीक.

टेसने मान डोलावली आणि थांबून राहिली. बाईंना दम घ्यायचाय, घेऊ दे. खाली सावनीनेही ती खूण पाहिली आणि निश्चिंत झाली. दोघींनी तिच्यावर विश्वास ठेवला होता. उत्तरा त्या पाण्याखाली उभी राहून दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत होती, आणि वाट बघता बघता तिला लख्ख दिसलं की हे आपण दोन वर्षं करतोय. नेपरव्हिलच्या घरात बसून हात डोक्यावर ठेवलाय आपण. खालून पोरगी बघतेय आणि तिला वाटतंय, आई मजेत आहे.

तिला स्वतःचाच भयंकर राग आला. त्या रागाने तिने हात वर केला आणि जोरजोरात हलवला.

टेसने क्षणही घालवला नाही. दोर हलला आणि उत्तरा आपोआप, अलगद खाली यायला लागली, विहिरीत घागर सोडावी तशी. खाली सावनीने तिला घट्ट धरलं.

"तू हात डोक्यावर ठेवलास! मी बघत होते ना! आय थॉट यू वर फाइन!"

"सवय गं," उत्तरा दात वाजवत म्हणाली.

"ही कसली सवय!" सावनीचे डोळे भरून आले. तिने अंगातली बंडी काढून आईच्या अंगात चढवली.

टेस मागोमाग उतरली. रागावली नाही. उत्तराचे हात स्वतःच्या हातात घेऊन चोळत म्हणाली, "तुम्ही सांगाल ते मी खरं धरते. नाहीतर मला हे काम करताच येणार नाही."

उरलेली घळ सोपी होती. बाहेर पडल्यावर पाइनच्या झाडांतून वर गाडीकडे जाणारी पायवाट होती. टेस दोर घेऊन पुढे गेली. सावनी मध्ये, उत्तरा मागे. बुटांतलं पाणी पचक पचक वाजत होतं.

"सावनी," उत्तरा तिच्या पाठीकडे बघत म्हणाली. "मला तुमच्याकडे राहायला यायचंय. कायमचं."

सावनी जागच्या जागी थांबली. वळली नाही.

उत्तराची छाती धबधब्यातसुद्धा इतकी धडधडली नव्हती. दोन वर्षांत माणसांचं सगळं बदलतं. तेव्हाचं बोलावणं तेव्हापुरतं असेल. खोलीत सायकल आहे. ‘नसेल जमत तर राहू दे हं’ हे शब्द अगदी ओठांवर आले. तिने ते गिळले आणि तशीच उभी राहिली.

पुढे सावनीचा हात वर गेला आणि तिच्या हेल्मेटवर टेकला.

मग ती वळली. नाक लाल, गाल ओले. "मी विचारलं होतं ना आई. तू नाही म्हणालीस. मला वाटलं, बाबा नाहीत तर तुला माझ्याबरोबर राहायचंच नाहीये. आय क्राइड द होल फ्लाइट."

"अगं, तू परत विचारशील म्हणून थांबले होते मी."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

"बाबा सगळ्यांना सांगायचे ते... ते खरंच होतं? आय थॉट इट वॉज अबाउट केक!"

दोघी त्या वाटेवर एकमेकींना धरून हसत-रडत उभ्या राहिल्या, हेल्मेटवर हेल्मेट आपटत. सायकल गॅरेजमध्ये जाईल, घर वसंतात विकायला काढू, डेन्व्हरला पोहायला तलाव कुठे आहे, सगळं एकदमच बोलून झालं.

वर गाडीशी मिहीर थर्मास उघडून बसला होता. दोघींचे चेहरे पाहून त्याने कपात चहा ओतून पुढे केला. "आई, चहा?"

"नको, आधी तुम्ही घ्या," उत्तरा म्हणाली. जन्माची सवय ती, एका दुपारी थोडीच सुटणार!

मिहीरने कप मागे घेतला. तेवढ्यात बूट काढत बसलेली सावनी मान वर न करता म्हणाली, "मिहीर, तिला परत विचार. ती नाही म्हणाली म्हणजे अजून काही ठरलेलं नाही."

उत्तराने गाडीचं दार धरलं. तोच स्वर, तेच शब्द.

"आई," मिहीर म्हणाला, "चहा?"

"हो," उत्तरा म्हणाली आणि दोन्ही हात पुढे केले.