खुर्ची बाहेर काढली की

सत्यजितला जर्मनीत येऊन चौदा वर्षं झाली होती, पण सरकारी पाकीट तो अजूनही स्वतः उघडत नसे. नेकारसुल्मच्या कारखान्यात गिअरबॉक्सवरून जर्मनांशी हुज्जत घालणारा हा माणूस सरकारी जर्मनपुढे मात्र शेपूट घालायचा. पत्रं वाचायचं काम पंधरा वर्षांच्या लेकीचं, अन्वीचं. सप्टेंबरातल्या एका शनिवारी सकाळी तिनं असंच एक जाड पाकीट फोडलं. जुलैमध्ये कोखर नदीच्या वरच्या कुरणावर बेकायदा मुक्काम केल्याबद्दल जिल्हा कार्यालयानं खुलासा मागवला होता.

हे होणारच होतं. पिकअपच्या पाठीवर सत्यजितनं दोन हिवाळे खपून स्वतःच्या हातानं खोली बांधली होती. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग, मागे दोन शेगड्यांचा ओटा. तेव्हापासून रोज जेवण झालं की तो उपग्रहाचा नकाशा उघडून बसायचा. रानातली वाट जिथे संपते तिथे सपाट जागा हवी, तोंड पूर्वेला हवं, खाली नदी दिसायला हवी, वाट अडवणारा आडवा दांडा नको आणि राखीव वनाची हिरवी पाटी तर नकोच. पैसे भरून राहायच्या कॅम्पिंगच्या जागांना तो नाकं मुरडायचा. तिथे जाऊन शेजाऱ्याचं घोरणंच ऐकायचं असेल तर आपलं घर काय वाईट, म्हणायचा. आणि खरं सांगायचं तर जागा शोधाव्यात त्यानंच. पहाटे दार उघडलं की खाली धुक्यात बुडालेलं खोरं, वर ससाणे आणि चिटपाखरू म्हणाल तर तेवढंच.

कायदा तसा सोपा होता. एक रात्र गाडीत झोपलात तर ती दमलेल्या ड्रायव्हरची विश्रांती, आणि खुर्ची बाहेर काढलीत की कॅम्पिंग. सत्यजित खुर्ची काढायचाच. एवढी जागा शोधायची आणि पत्र्याच्या डब्यात बसून चहा प्यायचा, हे त्याला पटत नसे.

या वर्षी मात्र चार वेळा तेच झालं. सकाळी सहाला वनरक्षक दारावर ठकठक करत हजर. दोनदा दम मिळाला, एकदा जागेवर दंड, चौथ्यांदा त्यानं गाडीचा नंबर लिहून नेला. कुणीतरी चुगली करत होतं. घराबाहेर या जागा माहीत असलेला माणूस एकच, कपिल. पुण्यातल्या होस्टेलपासूनचा मित्र, आता वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये. दर शुक्रवारी सत्यजित मोठ्या कौतुकानं नवी जागा त्याला पाठवायचा.

चौथ्या खेपेनंतरच्या रविवारी कपिल जेवायला आला होता. सत्यजितनं त्याला तिथेच गाठलं, माझं सुख तुला बघवत नाही इथपर्यंत बोलून गेला. कपिल एवढंच म्हणाला, "मी नाही, सत्या." आणि भरल्या ताटावरून उठला. त्यानंतर दोन महिने बोलणं बंद आणि गाडीही दारातच उभी. पंचवीस वर्षांच्या मित्रानं केसानं गळा कापला, हे सत्यजित भेटेल त्याला ऐकवत होता.

अन्वी पत्र वाचत होती. तारीख, ठिकाण, गाडीचा नंबर, दोन खुर्च्या, एक टेबल. मग ती थबकली.

पुढे काय, असं त्यानं विचारलं. "निश्ट्स," म्हणजे काही नाही, असं म्हणत तिनं कागदाची घडी घालायला घेतली. सत्यजितनं तो हातातून काढून घेतला. 'त्सॉयगिन' हा शब्द त्यालाही येत होता. साक्षीदार, आणि तीही बाई. पुढे नाव होतं, ऊर्मिला सबनीस.

ऊर्मिला त्याची बायको. या देशात तिचं माहेरचं आडनाव फक्त तिच्या पासपोर्टाला ठाऊक होतं.

ती ओट्याशी गवार मोडत होती. तिनं आढेवेढे घेतले नाहीत. रानाच्या तोंडाशी पाटीवर वनरक्षकाचा नंबर असतो, तू खुर्च्या मांडत असायचास तेव्हा मी फोन करायचे, म्हणाली. त्यांनी नाव विचारलं, तर कुठल्याही कार्यालयात सांगते तसं पासपोर्टावरचं तोंडातून गेलं. ते पत्रात छापतात हे तिला माहीत नव्हतं. त्या पलंगावर चढून तिची कंबर गेली होती. चव्वेचाळिसाव्या वर्षी बॅटरी घेऊन झुडपामागे जायची तिला लाज वाटायची. तीनदा सांगून पाहिलं होतं, आणि तीनदा त्यानं नजारा बघ, सवय होईल म्हणून उडवून लावलं होतं. दोन दंड झाले की न्हाणीघर असलेली जागा घेशील असं वाटलं, म्हणाली.

सत्यजितच्या पायाखालची जमीन सरकली. ज्या सकाळी आपण सगळ्यात सुखात होतो, त्याच सकाळी ही वर पडून दारावरच्या ठकठकीची वाट बघत होती.

"फोनचं एक वेळ समजू शकतो," तो म्हणाला. "पण कपिलला मी चोर ठरवलं तेव्हा तू शेजारी उभी राहून आमटी वाढत होतीस."

"मी तोंड उघडलं होतं. तू म्हणालास, मध्ये पडू नकोस, तुला यातलं काही कळत नाही."

तो तसं म्हणाला होता खरा. पण राग काही निवेना. बाल्कनीत जाऊन त्यानं कपिलला फोन लावला, चुकलो म्हणाला, सगळं सांगितलं.

"मला माहीत होतं," कपिल म्हणाला. "त्याच संध्याकाळी ऊर्मिलाचा फोन आला होता. रडत होती. सत्याला सांगते म्हणाली, मीच नको म्हटलं."

"म्हणजे दोन महिने तुम्ही दोघं मला मूर्ख बनवत होतात?"

"तू विचारायला बसलाच नव्हतास, सत्या. ठरवून बसला होतास. पंचवीस वर्षांनी माझ्याबद्दल तुला एवढंच वाटत असेल, तर खरं कळून माझं काय परत येणार होतं?"

कपिलनं फोन ठेवला. सत्यजित आत आला. आपल्याच माणसांत आपण एकटे परके, असं त्याला वाटत होतं, आणि ते कुणाला सांगायला तोंडही उरलं नव्हतं.

टेबलावर पत्राचं शेवटचं पान पसरून अन्वी पेन धरून बसली होती. घरात एरवी जर्मनच बोलणारी पोर हळूच मराठीत म्हणाली, "बाबा, इथे फुली मारायची. गुन्हा मान्य आहे का, हो की नाही."

ऊर्मिलाचा हात गवारीवर थांबला.

सत्यजितनं पेन घेतलं. दोघांवरचा राग तसाच होता. तरी त्यानं 'हो'च्या चौकोनात फुली मारली, आणि ती मारताना त्याच्या डोळ्यांपुढे कुरण नव्हतं, खुर्च्या नव्हत्या, कपिलनं सोडलेलं भरलं ताट होतं.