एक वजा

आमच्या घरात आधी पाण्याची चौकशी व्हायची, मग माणसांची. संध्याकाळी मी दारात चपला काढत असतानाच खिडकीजवळच्या खुर्चीतून बाबा विचारायचे, "पाणी किती?" मी त्या दिवशीचा आकडा सांगायचे. त्यावर दुसरा प्रश्न ठरलेला.

"एक वजा केलंस ना?"

"केलं, बाबा. तुमचीच मुलगी आहे मी."

नऊ वर्षं हे असंच चाललं होतं. गेली तीन वर्षं बाबांना सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, मला ते कधीकधी आत्याच्या नावाने हाक मारतात, पण एक वजा काही विसरले नाहीत. मी आईला म्हणायचे, यांना वय विचार, तेही एक वजा करून सांगतील. आई हसायची. बाबाही हसायचे, कारण आम्ही हसतोय.

बाबा भूजल कार्यालयात मोजणीदार होते. आमची वस्ती समुद्राला लागून, वाळूवर वसलेली आहे. वाळूखाली खारं पाणी आहे आणि त्यावर, दुधावर साय असते तसं, गोडं पाणी तरंगतं. चाळीस हजार माणसं त्या सायीवर जगतात, दुसरं पाणी नाही. आमच्या धंद्यातला नियम असा की समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी एक मीटर असेल, तर सपाटीच्या खाली ते चाळीस मीटर असतं. उलट बाजूनेही हिशोब तोच. वरचा एक मीटर गेला की खालचे चाळीस गेले. आणि खारं पाणी एकदा वर चढलं की आपल्या हयातीत ते खाली उतरत नाही.

तो वरचा मीटर किती आहे हे बघायला एकोणीस निरीक्षण विहिरी आहेत. म्हणायला विहिरी, दिसायला नुसता जमिनीतून कमरेपर्यंत वर आलेला लोखंडी पाइप आणि त्याला टोपण. बाबा दर महिन्याला सायकलवरून एकोणीस पाइप फिरायचे. पोलादी टेपच्या टोकाला पोकळ बुडाचं पितळी वजन, ते आत सोडायचं, पाण्याला लागलं की 'टप्' असा आवाज येतो. आवाज आला की टेप काठावर चिमटीत धरायची आणि आकडा वाचायचा. लहानपणी मी टोपणं सांभाळायला जायचे. बाबा आवाजासाठी श्वास रोखायचे, म्हणून मीही रोखायचे.

ते निवृत्त झाल्यावर चार महिने जागा रिकामी होती. मग मी लागले. भूशास्त्राची पदवी होती, नाक वर होतं. माझ्याबरोबरच कार्यालयाने नवी टेप घेतली. नोंदवहीच्या पुठ्ठ्यावर बाबांच्या अक्षरात, लाल पेन्सिलीने लिहिलेलं होतं, 'प्रत्येक आकड्यातून एक वजा.' मला वाटलं, पाइप जमिनीच्या वर मीटरभर आलेत, ते वजा करायचं असणार. विचारायचं काय त्यात? मी ते कॉम्प्युटरच्या सूत्रात घातलं आणि मोकळी झाले. पाइपांची उंची सपाटीच्या हिशोबात आधीच धरलेली होती. हे तपासायला अर्धा दिवस लागला असता.

पहिल्याच महिन्यात चमत्कार दिसला. एकोणीसच्या एकोणीस विहिरींत पाणी एक मीटर वर आलं होतं. आदल्या वर्षी कार्यालयाने पाणी मुरवायला वस्तीच्या वरच्या अंगाला तळी खोदली होती. मी म्हटलं, तळी कामाला आली. त्यावर मी निबंध लिहिला, त्यावर मला डॉक्टरेट मिळाली, परिषदांना बोलावणी आली आणि कार्यालयात माझं नाव पडलं मीटरबाई. मला ते आवडायचं. आता लिहिताना लाज वाटते, पण आवडायचं.

याच मीटरच्या भरवशावर वस्तीसाठी पाच नवे बोअर पाडले, तीस मीटर खोल. पाणी गोड लागलं, टाळ्या वाजल्या. सोमवारी सकाळी आठला पाचही पंप एकदम सुरू झाले. सलग बहात्तर तासांचं परीक्षण, गुरुवारी सकाळी आठपर्यंत.

मंगळवारी दुपारी मी जेवायला घरी आले, तेव्हा आई शिवणाच्या आणि जेवणाच्या आमच्या एकाच टेबलावर पडद्याचं कापड कापत होती. मी बाजूला टेकले.

"अगं, पट्टीवरचा हात काढ," आई म्हणाली.

टेबलाच्या कडेला एक पोलादी पट्टी खिळ्यांनी ठोकलेली आहे, मी लहान होते तेव्हापासून. तिच्यावर माझ्या परकरांची उंची मोजलेली आहे, माझ्या सगळ्या फ्रॉकांचे घेर मोजलेले आहेत. सत्तरच्या आकड्यापाशी एक घडी आहे, तिथे कापड नेहमी अडकतं. मी हात काढला आणि का कोण जाणे, ती वाचली. शून्यापासून शंभर सेंटीमीटरपर्यंत. शून्यापाशी, अर्धवट घासलेला, आमच्या कार्यालयाचा शिक्का.

"आई, ही पट्टी कुठली?"

"कुठली म्हणजे? तुझ्या बाबांच्या टेपचा पहिला मीटर." आईने कात्री चालूच ठेवली. "सत्तरापाशी मुडपून गंजली होती. तुटती तर वजन विहिरीत जातं. नवी मागितली तर ऑफिस देईना. मग यांनी बरोब्बर एकाच्या खुणेवर कापली आणि वजन तिथे बांधलं. म्हणाले, दर वेळी एक वजा केलं की झालं. तू तिसरीत होतीस तेव्हा."

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मी पिशवीतून कार्यालयाची टेप काढली, वजन सोडवलं आणि पट्टीशेजारी धरली. शून्याला शून्य. पुरी टेप. वीस सेकंदांचं काम, नऊ वर्षांत केलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझा कळसा तर मी रोज कोपराखाली घेऊन जेवत होते.

बाबांची टेप कापलेली होती, म्हणून काठावर ती एक मीटर जास्त दाखवायची. त्यांनी एक वजा केलं, ते बरोबर होतं. माझ्या टेपमधून काहीच वजा करायचं नव्हतं. पाणी कधी वर आलंच नव्हतं. मी सांगत होते समुद्रसपाटीच्या वर एक मीटर नव्वद. खरं होतं नुसतं नव्वद सेंटीमीटर. म्हणजे खाली गोडं पाणी शहात्तर मीटर नव्हे, छत्तीस. आणि पंप तिसाव्या मीटरवरून पूर्ण जोराने ओढत होते, अठ्ठावीस तास झाले.

"काय झालं गं?" आईने विचारलं.

"भांडी भरून ठेव," मी म्हटलं. "सगळी."

कार्यालयात साहेब डबा खाऊन नुकतेच खुर्चीत बसले होते. साहेब वाईट नाहीत. माझ्या डॉक्टरेटला त्यांनीच रजा मंजूर केली होती. मी दोन टेपांची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एकोणीस ठिकाणी पाणी एकदम तेवढंच वाढलं. तुम्हाला विचित्र नाही वाटलं?"

"वाटलं, सर."

"मग?"

"मी त्याला 'एकसमान पुनर्भरण' असं नाव दिलं. निबंधात त्याचा वेगळा परिच्छेद आहे."

ते हसले नाहीत. मीही विनोद करत नव्हते.

"मॅडम, परीक्षण मधेच थांबवायला समिती लागते. मी गुरुवारी बैठक लावतो."

"गुरुवारी सकाळी आठला ते संपतंय."

"मला माहितीये."

"सर, खाली सहा मीटर उरलेत. कदाचित उरलेही नसतील. मी तुमच्या पाया पडते. एक फोन करा."

"आणि काय सांगू? या बोअरच्या कागदावर माझी सही आहे, सहीच्या वर तुमचा मीटर आहे. उद्या तुम्ही म्हणाल, आईची पट्टीच चुकीची होती. आधी फेरमोजणी करा, लेखी द्या, मी वर पाठवतो."

मला त्यांचा राग आला. सरकारी कामाचा, चष्म्याचा, टेबलावरच्या काचेखाली दाबलेल्या माझ्याच सत्काराच्या फोटोचा. पण खरं सांगायचं तर नऊ वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं. कुठेतरी पाणी मुरतंय असं लोक म्हणतात, तेव्हा दुसऱ्यावर बोट ठेवतात. इथे बोट माझंच होतं आणि ते माझ्याकडेच होतं. मी जिना उतरले आणि रिक्षा थांबवली.

पंपघरातले काका बाबांच्या वेळचे. आयुष्यभर मोटरींच्या आवाजात बसून त्यांचे कान गेलेत, ते ओठांवरून समजून घेतात. मी तीनदा सांगितलं. त्यांनी तीनदा मान हलवली.

"लेखी लागतं, ताई," ते म्हणाले. "मला पाच महिने राहिलेत. लेखी नसेल तर मी बटणाला हात लावत नाही."

"मी देते लेखी."

त्यांनी पंपाचं रजिस्टर पुढे केलं. रकाने छापलेले होते, वेळ, कुणाच्या आदेशाने, कारण. वरच्या सगळ्या ओळींत कारण एकच, 'वीज गेली'. मी वेळ लिहिली, तीन वाजून दहा मिनिटं. आदेशाच्या रकान्यात माझं नाव आणि हुद्दा लिहिला. आदेश द्यायचा अधिकार मला नव्हता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. कारणाचा रकाना अरुंद होता. मी लिहिलं, 'माझी चूक'. सही केली.

काकांनी ते बोटाने ओळ धरून वाचलं.

"नोकरी जाईल," ते म्हणाले.

"जाऊ दे."

त्यांनी एकेक बटण बंद केलं. पाचवं बंद झाल्यावर पंपघरात इतकी शांतता झाली की काकांनाही ती जाणवली, त्यांनी भिंतीवर तळहात ठेवून पाहिला.

पाच पंपांच्या मधोमध आमचा एक पहारा-बोअर आहे, खारं पाणी वर येतंय का ते बघायला. तिथला नमुना रोज सकाळी आठलाच घ्यायचा असं मीच ठरवलं होतं. मी अठ्ठावीस मीटरवरून बाटली भरून काढली आणि क्षारमापकात ओतली. सोमवारी सकाळी आकडा सहाशे वीस होता, त्या दिवशी सकाळी सहाशे नव्वद. मी वहीत लिहिलं होतं, 'किरकोळ'. हजाराच्या वर गेलं की जिभेला कळतं. आता मापक दोन हजार नऊशे दाखवत होतं.

मी मापक धुतलं, पुसलं, परत बुडवलं. दोन हजार नऊशे दहा. बोट बुडवून जिभेला लावलं. मी शास्त्रज्ञ आहे, मला याची गरज नव्हती, तरी लावलं. मग तिथेच पाइपाला टेकून बसले आणि रडले. काका शेजारी उभे होते. ऐकू येत नव्हतं म्हणून असेल, ते उभेच राहिले.

दर अर्ध्या तासाने नमुना घेतला. तीन हजार शंभर. तीन हजार दीडशे. पुन्हा तीन हजार दीडशे.

"थांबलं का?" काकांनी विचारलं.

"वाढायचं थांबलं. उतरत नाहीये."

"कधी उतरेल?"

"माझ्या गणिताने सत्तर वर्षं," मी म्हटलं. "पण गणित माझं आहे, तेव्हा काही सांगता येत नाही."

साडेसहाला घरी पोचले. साहेबांचे अकरा फोन येऊन गेले होते. दारातून आत पाय ठेवायला जागा नव्हती. आईने पातेली, बादल्या, कपडे धुवायचा टब, फुलदाणीसुद्धा भरून ठेवली होती. नळाखाली शेवटची बाटली धरून ती उभी होती.

खिडकीजवळून आवाज आला. "पाणी किती?"

मी बाबांच्या पायाशी जमिनीवर बसले.

"समुद्राच्या वर नव्वद सेंटीमीटर, बाबा. कदाचित त्याहून कमी."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. या आकड्याने ती पडायलाच हवी होती. "एक वजा केलंस ना?"

"नाही केलं. नऊ वर्षं करत होते. करायला नको होतं. माझी टेप नवी आहे, बाबा. मी लागले तेव्हाच आली होती."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांत त्यांनी माझ्याकडे असं, मला ओळखून, पाहिलं नव्हतं.

"नव्या टेपला कशाला वजा?" ते म्हणाले. "नवी पुरी असते."

त्यांना जराही विचार करावा लागला नाही. नऊ वर्षं ते मला रोज संध्याकाळी विचारत होते आणि मी रोज थट्टा करून चहा ठेवायला आत जात होते. टेप नवी आली आहे, एवढं एक वाक्य मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. स्वयंपाकघरात आईने नळ बंद केला. बाबांनी माझ्या केसांवरून हात फिरवला, मग हात थांबला, नजर पुन्हा खिडकीबाहेर गेली.

"पाणी किती?" त्यांनी विचारलं.