डब्यातलं शून्य

सुविधाला नववा महिना नव्हे, नववा आठवडा लागला होता, आणि तिला फक्त एक आकडा हवा होता. डिचोलीच्या एका खासगी हॉस्पिटलात ती नर्स. हृदयात नळी घालतात त्या खोलीत, जिथे एक्स-रे तासन्‌तास चालू असतो. अंगावर शिशाचा एप्रन घालायचा हे खरं, पण एप्रन चार आणि माणसं सहा! डॉक्टरांना धड एप्रन, हिच्या वाट्याला भेगा पडलेला.

"बाळाला बहुतेक काही होत नाही," तिला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण किती किरणं लागली तो आकडा आण, मग मी नक्की सांगते."

तो आकडा बॅजवरून कळतो. प्रत्येकीच्या नावाचा, छातीला लावायचा, दर तीन महिन्यांनी तपासायला जाणारा. आणि हे बॅज असत कुठे? सरस्वती सिस्टरच्या कपाटात, बिस्किटांच्या डब्यात! मागे हर्षा नावाच्या नर्सचा बॅज धुण्याबरोबर गेला, इनचार्ज म्हणून मेमो सरस्वतीला मिळाला. तेव्हापासून बाईने सगळे कुलपात घातले. तपासणीवाले आले की तेवढ्यापुरते लावायचे. सुविधानेही मान डोलावली होती. कोण वाद घालत बसणार?

दुपारी बॅजचा अहवाल आला.

"बघ गो, सगळ्यांचं शून्य!" सरस्वती खूश होती. "चार वर्षांत एक बॅज हरवूक दिला नाय मी."

सुविधाने कागद घेतला. तिला राग आला नाही, रडूही आलं नाही. आतून सगळं बधिर झालं होतं. पेडण्याच्या बसमध्ये तिने तिकीट काढलं, सुटे पैसे मोजून घेतले, उतरायचं तिथे उतरली.

घरी सासूबाईंनी, सुमंगलाबाईंनी, कागद हिसकावूनच घेतला. शून्य त्यांना वाचता येत होतं. तो देवापुढे ठेवून त्यांनी साखर आणली.

"देवान राखल्यान गो बाळाक! घे, तोंड गोड कर."

सुविधाने साखर तोंडात टाकली. गोड लागली की नाही, कळलं नाही.

"आई, ते शून्य डब्याचं."

"डब्याचा? म्हंजे?"

"बॅज डब्यात होता. डब्याला काही लागलं नाही." तिने हात पदराला पुसला. "आम्हा दोघांचं कुणी मोजलंच नाही."