फ्रिजवरचे दोन कागद

आमच्या फ्रिजच्या दारावर दोन कागद होते. डावीकडचा गुंडीचा, उजवीकडचा तिच्या बाबाचा. गुंडी म्हणजे आमची आठ महिन्यांची लेक. तिच्या कागदावर मी दूध, झोप, ताप, शी सगळं वेळेनिशी लिहायचे. बाबाच्या कागदावर रोजची पावलं आणि त्यांचा आलेख. मी संख्याशास्त्र शिकलेय. कुणाला देवाचा आधार वाटतो, मला आलेखाचा.

पावलांचं खूळ सरकारी होतं. देशातली निम्मी माणसं दिवसभर बूड हलवत नाहीत असा अहवाल आला आणि ऑफिसाऑफिसांतून पावलं मोजणारे पट्टे वाटले गेले. माझा नवरा विम्याचे दावे तपासतो, घरी बसूनच. सकाळी नऊला खुर्चीत बसला की खुर्ची कुठे संपते आणि हा कुठे सुरू होतो, कळत नाही. त्याचे वडील असेच खुर्चीत बसल्या बसल्या गेले, एकोणपन्नासाव्या वर्षी. याला छत्तिसाव्या वर्षीच साखर निघाली. तेव्हा गुंडीला कडेवर घेऊन मी एवढंच म्हटलं, "हिला भिंतीवरच्या फोटोतला बाप नकोय."

"चालतो की," तो म्हणाला. "रोज आठ हजार. बघच तू."

आणि तो चालायला लागला. दिवसातून तीनदा मी गुंडीला पाळण्यात घालून दोरी हातात घेतली की हा गच्चीवर. पट्ट्याने मनगटाला खाज येते म्हणून तो खिशात ठेवायचा. जेवताना आकडा सांगायचा. सात हजार आठशे. आठ हजार दोनशे. मी घास ठेवून उठायचे आणि कागदावर ठिपका द्यायचे. गुंडीला दात येताना तीन दिवस ताप होता, तेव्हा तर चौदा हजारांवर गेला. "काळजीने पाय थांबेचनात गं," म्हणाला. मला भरून आलं होतं.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. साखर वाढलेली, रक्तदाबही वर.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "खरंच चालता ना?"

"हिलाच विचारा की! हिने आलेख काढलाय."

मी पर्समधून घडी काढली आणि टेबलावर पसरली. केवढी ऐट होती मला! डॉक्टरांनी बोट फिरवत कागद पाहिला. "इतकं चालूनही हे असं असेल, तर आत दुसरंच काहीतरी असणार. गोळी वाढवू. सोमवारी हृदयाची तपासणी करू."

ते चार दिवस मी कसे काढले ते मला ठाऊक. दूध उतू घालवलं, गुंडीचं झबलं उलटं घातलं. आंघोळीला म्हणून शिरायचे आणि नळ सोडून रडायचे. तो पाठीवर हात फिरवायचा. "नको गं इतकी घाबरू. मी आहे ना."

रविवारी सकाळी फ्रिज पुसताना दोन्ही कागद भिजले, म्हणून काढून वाळवायला खिडकीशी धरले. एकामागे एक होते. उजेडात एकातून दुसरा दिसत होता.

तापाचे तीन दिवस आणि चौदा हजार एकाच रेषेत. गुंडी पटकन झोपली ते दिवस पाच हजारांचे. आत्याकडे गेलो, गुंडी दिवसभर माझ्या मांडीवर होती, तेव्हा याची पावलं चारशे बारा. तेव्हा म्हणाला होता, आत्याने जागचं उठूच दिलं नाही. कॉलेजात सर बजावायचे, दोन रेषा बरोबरीने चढल्या म्हणजे एक दुसरीमुळेच चढते असं मानू नका. मी नुसतं मानलं नाही, तपासायला खोलीत गेले. गुंडी बाहेर सासूबाईंच्या कडेवर होती, हा नुकताच गच्चीवर गेला होता.

पाळण्याची गादी उचलली. खाली पट्टा होता.

आकडा एकवीसशे सहा. मी रिकाम्या पाळण्याची दोरी एकदा ओढली. एकवीसशे आठ.

दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, आणि त्यांना काही नवल वाटलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दुपटं बदलताना सापडला होता. दोनेक महिने झाले."

"मग?"

"मग काय, ठेवला परत. नवऱ्याचं चार लोकांत झाकायचं असतं गं. याचे बाबाही डॉक्टरांना सांगायचे, रोज फिरतो म्हणून. मी शेजारी बसून मान हलवायची."

"आणि?"

त्या गुंडीच्या पाठीवर थोपटत राहिल्या.

तो खाली आला तेव्हा पट्टा कीबोर्डवर ठेवलेला होता. आधी हसला. मग माझा चेहरा पाहून थांबला.

"अगं, पहिल्यांदा चुकून राहिला पाळण्यात. संध्याकाळी बघतो तर चार हजार! तू इतकी खूश झालीस..."

"म्हणजे माझ्यासाठी केलंस."

"तू घरात पोलीस बसवल्यासारखी वागतेस! सारखं किती झाली, किती झाली. माणसाने करायचं काय?"

"चालायचं," मी म्हटलं. "तू वर काय करत होतास?"

"टाकीच्या सावलीत बसायचो." आवाज खाली आला. "फोन बघत."

माझा दंड दुखेस्तोवर मी दोरी ओढत होते, आणि वर हा बसून होता. मला चार दिवस मरणाची भीती घातली आणि वर पाठीवरून हात फिरवला. देशाची पावलांची सरासरी वाढली म्हणून परवा बातमी होती. त्या सरासरीत माझ्या तापलेल्या लेकीचे झोके आहेत. गुंडी पेंगायची, तिची मूठ सैल पडायची, ती वेळ फक्त आम्हा दोघींची आहे असं मी धरून चालले होते. तिथेही गादीखाली हा होताच.

मी त्याच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, वाढवलेली गोळी आजपासून नको, जुनीच चालू ठेवा आणि उद्या दोघं या.

"माझी अब्रू घालवलीस," तो म्हणाला.

मी पाळण्याच्या कड्या सोडवल्या, झोळी काढली, सांगाडा दुमडून माळ्यावर टाकला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पोर झोपेल कशी?"

"बाबाच्या खांद्यावर. चालत्या."

दुपारी गुंडी कुरकुरायला लागली तशी मी ती त्याच्या हातात दिली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. दार ते बाल्कनी सोळा पावलं, वळून परत सोळा. दहाव्या मिनिटाला त्याची धाप मला इथपर्यंत ऐकू यायला लागली. मग सोफा करकरला, आणि लगेच गुंडीने भोकाड पसरलं.

"अगं, जरा घे ना हिला," त्याने हाक मारली.

माझ्याशेजारी बसलेल्या सासूबाई उठायला लागल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या बसल्या.

सोफा पुन्हा करकरला. पावलं सुरू झाली. गुंडी गप्प झाली.

मी डोळे मिटून मोजत होते. पाचशे तेवीस, पाचशे चोवीस. यापुढे त्याने सांगितलेला कुठलाच आकडा मी लिहिणार नव्हते.