टर्बोचा दाब आणि व्याह्यांचा मान

वाचकहो, एका मोटारगाडीची ताकद कशी हरपली, ती शोधताना एका जाणत्या मिस्त्रीची मती कशी कुंठित झाली, आणि त्या गाडीपायी एका सासुरवाशिणीची मान कशी खाली गेली होती, हे मी प्रस्तुत कथेत यथाक्रम निवेदन करणार आहे. यंत्राचे ज्ञान नसलेल्यांनी बिचकू नये. लागेल तेवढे मी वाटेत सांगत जाईन.

मिस्त्रीचे गॅरेज पुढे आणि बिऱ्हाड मागे होते. मध्ये केवळ एक पडदा. पडद्याच्या अलीकडे ग्रीसचा वास आणि पलीकडे चहाचा, परंतु दोन्ही वास एकमेकांकडे जात-येत असत. अशा ह्या जागी एका रविवारी सकाळी मिस्त्रीचे व्याही, विहीणबाई आणि मिस्त्रीची लेक असे तिघे गाडीतून आले. जावयाला सुट्टी नव्हती. आले असे म्हणायचे, वास्तविक गॅरेजसमोरचा लहानसा उताराचा ओटा चढताना गाडीने असा काही दम टाकला की मिस्त्री हातातला पान्हा ठेवून उठून उभा राहिला.

ती गाडी मिस्त्रीनेच निवडलेली होती. व्याह्यांना जुनी पण धडधाकट डिझेल गाडी हवी होती, आणि मिस्त्रीने चार ठिकाणी फिरून, वास घेऊन, आवाज ऐकून ती पसंत केली होती. गाडी घेतली तेव्हा ती चढावर हरणासारखी पळे. आता काही दिवसांपासून तिला चढ दिसला की घाम फुटत होता.

लेकीने आत जाऊन आईजवळ मन मोकळे केले. गाडी रखडली की विहीणबाई म्हणत, तुझ्या वडिलांच्या शब्दावर घेतली, आता भोगतोय. स्वयंपाकात मीठ कमी पडले तरी गाडीचा विषय निघे. मध्यंतरी विहीणबाईंचा जाड निळा टॉवेल दोरीवरून नाहीसा झाला, त्याचेही खापर हिच्याच माथी फुटले, की वस्तूंवर लक्ष नाही, माहेरचेच वळण. मिस्त्रीच्या बायकोने हे सर्व पडद्याआड नवऱ्याच्या कानात ओतले आणि वर बजावले की आज ही गाडी नीट झाल्यावाचून पोरीला त्या घरी पाठवणे तिच्या जिवावर येईल. मिस्त्रीने हात धुतले, आणि हात धुऊन तो गाडीखाली जाऊन बसला, यावरून त्याची मनःस्थिती वाचकांच्या ध्यानी यावी.

येथे व्याह्यांचा परिचय करून देणे क्रमप्राप्त आहे. ते एका मोठ्या गोदामाचे स्टोअरकीपर होते आणि आता निवृत्त झाले होते. धूळ ही त्यांची जन्माची वैरीण. त्यांच्या घरी रिमोटला प्लॅस्टिक, घड्याळाला प्लॅस्टिक, शिलाई मशीनला झूल. गाडीच्या सीटांवरही त्यांनी प्लॅस्टिकचे आवरण चढवले होते, त्यामुळे बसणारा मनुष्य वळणावर आपोआप दुसऱ्या दाराशी जाई.

आता यंत्राविषयी दोन शब्द. इंजिनातून बाहेर पडणारा धूर टर्बोमधला एक पंखा फिरवतो, आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. ह्या दाबाला कारागीर बूस्ट म्हणतात. बूस्ट गेला की गाडी सपाटीवर चालते, परंतु चढावर तिची अवस्था दमेकरी माणसासारखी होते.

गाडीखालून निघून मिस्त्रीने प्रथम ती पाण्याच्या टाकीकडच्या चढावर नेऊन आणली. पॅडल दाबताच येणारी टर्बोची बारीक शीळ ऐकू येत नव्हती, आणि मागे काळा धूर निघत होता. तदनंतर त्याने इंजिनाचे आकडे दाखवणारा स्कॅनर लावला. इंजिन जेवढा दाब मागत होते, त्याच्या निम्मादेखील मिळत नव्हता. मिस्त्रीने बॉनेट उघडले आणि सवयीने त्याचा हात पहिल्याप्रथम एअर फिल्टरच्या डब्याच्या खटक्यावर गेला.

तेवढ्यात व्याही म्हणाले, "फिल्टर मी स्वतः बदललाय. नवा कोरा आहे. तिथे बघायचं काही कारण नाही."

मिस्त्रीने हात मागे घेतला. अन्य कुणी असे म्हणाला असता तर मिस्त्रीने हसून डबा उघडला असता. परंतु लेक ज्यांच्या घरी नांदते त्यांनी स्वहस्ते केलेले काम, त्यांच्याच देखत, त्यांच्या पत्नीसमोर उघडून तपासायचे, हे त्याला प्रशस्त वाटले नाही. त्याने मान डोलावली आणि तो पुढच्या कामाकडे वळला. सर्व घोटाळा ह्या एका मान डोलावण्यात होता.

मिस्त्रीने डब्याच्या पुढचा पाइप सोडला, त्या तोंडाला बूच लावून कॉम्प्रेसरची हवा आत भरली आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी मारले. हवा कुठे निसटत असती तर फेस आला असता. एकही बुडबुडा आला नाही. दाब आवरणारी जी दांडी टर्बोच्या कुशीत असते, ती त्याने हातपंपाने ओढून पाहिली, ती आज्ञाधारकपणे हलली. शेवटी त्याने टर्बोच्या तोंडात बोट घालून पंखा फिरवला. पंखा भिरभिरला, कुठे घासला नाही, दांड्यात खेळ, म्हणजे ढिलेपणा, नव्हता.

विहीणबाई खुर्चीत बसून हे सर्व पाहत होत्या. त्यांनी विचारले की इतका वेळ चालले आहे ते समजण्यासारखे आहे का. मिस्त्री गोंधळला. काहीतरी उत्तर देणे भाग होते, म्हणून, बोटे नाही म्हणत असतानाही, तो बोलून गेला की बहुधा टर्बोच बदलावा लागेल.

"म्हणजे मुळातच बिघडलेला होता म्हणायचा," विहीणबाई शांतपणे म्हणाल्या. "जाणकारांनी निवडलेली गाडी."

लेक फरशीवरचा तेलाचा डाग पाहत उभी राहिली. लहानपणापासून तो डाग तिच्या ओळखीचा होता.

थोड्या वेळाने ती वडिलांना पाण्याचा पेला देण्यास गाडीपाशी आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही तुमचा नेहमीचा प्रश्न विचारलाच नाहीत."

येथे सांगणे अवश्य आहे की मिस्त्रीची एक पद्धत होती. गाडी कुणाचीही असो, पान्हा उचलण्याआधी तो गिऱ्हाइकाला विचारी, की बिघाड सुरू व्हायच्या आधी गाडीला शेवटचा हात कुणी लावला आणि नेमके काय केले. ह्या प्रश्नापासून त्याने आजवर कुणाची सुटका केली नव्हती. मात्र व्याह्यांची उलटतपासणी कशी घ्यावी, म्हणून आज तो प्रश्न घशातच राहिला होता.

"त्यांना कसं विचारू?" मिस्त्री पुटपुटला.

पडद्यामागून बायकोचा आवाज आला, "चहा व्याही म्हणून पाजा. गाडीपुरतं गिऱ्हाईक समजा."

मिस्त्रीने पाणी पिऊन पेला खाली ठेवला आणि व्याह्यांकडे वळून हात जोडल्यासारखे करून विचारले, "व्याहीबुवा, राग मानू नका. सगळ्यांना विचारतो तेच विचारतोय. फिल्टर बदलताना आणखी काही केलंत का?"

व्याह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"केलं असं नाही," ते म्हणाले. "आत एक कापड ठेवलंय."

"कुठं?"

"फिल्टरच्या खाली. धूळ आधी कापडावर अडेल, फिल्टर स्वच्छ राहील. मीच डोकं चालवलं."

"कापड कसलं आहे?"

व्याह्यांनी एकवार पत्नीकडे पाहिले आणि नंतर भिंतीवरच्या टायरांकडे पाहत म्हणाले, "जाड आहे."

मिस्त्रीने खटके उघडले आणि फिल्टर उचलला. तो खरोखरच नवा कोरा होता. त्याच्या खाली, चार पदरी घडी घातलेला, निळा टॉवेल होता. गाडी उभी असताना तो मुकाट पडून राही. परंतु पॅडल दाबताच इंजिन हवा ओढी, त्या ओढीने टॉवेल वर जाऊन फिल्टरला घट्ट चिकटे, आणि कुणी तोंडावर हात दाबून धरावा तसा गाडीचा श्वास कोंडे. टर्बो बिचारा नसलेली हवा कोठून दाबणार?

विहीणबाई खुर्चीतून उठून आल्या. त्यांनी टॉवेलाचे एक टोक दोन बोटांत धरून पाहिले.

"हा माझा आहे," त्या म्हणाल्या. नंतर सुनेकडे पाहून म्हणाल्या, "ह्याच्यापायी मी तुला काय काय बोलले."

"बोललात," लेक म्हणाली. "मिळाला ना आता."

व्याही म्हणाले की धुतला की पूर्ववत होईल. विहीणबाईंनी टॉवेल त्यांच्या हातात दिला आणि तो त्यांनीच धुवावा, असे सांगितले. मिस्त्रीने मध्ये पडून म्हटले की दोष एकट्या व्याह्यांचा नव्हे. त्याचा स्वतःचा हात डब्यावर गेला होता, तो त्याने मागे घेतला, आणि चांगल्या टर्बोला नाहक नावे ठेवली. विहीणबाई म्हणाल्या की गाडीला त्यांनी स्वतःच त्याआधी नावे ठेवली होती. ह्यावर मिस्त्रीने पाइप पुन्हा जोडला आणि डबा बंद केला.

चहा झाल्यावर गाडी पुन्हा टाकीच्या चढावर न्यायचे ठरले. व्याही गाडी चालवायला बसले. विहीणबाई नेहमी पुढे बसत, परंतु ह्या वेळी त्यांनी पुढचे दार उघडून धरले आणि सुनेला म्हणाल्या, "तू बस पुढे. वडिलांनी निवडलेली गाडी आहे, नीट चढते का बघ."

मिस्त्री बरोबर गेला नाही. तो गॅरेजच्या दारात उभा राहिला. गाडी वळली, चढाला लागली, आणि खालपर्यंत ती बारीक शीळ स्पष्ट ऐकू आली. धूर दिसला नाही. गाडी टाकीपाशी पोचून दिसेनाशी झाली तेव्हा मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला आणि तो ओट्यावरच बसला. त्याची बायको पडदा सारून बाहेर आली होती, तिने त्याच्या हातातला रिकामा कप काढून घेतला.

संध्याकाळी पाहुणे घरी निघाले. टॉवेल डिकीत ठेवला होता. डिकी खराब होऊ नये म्हणून व्याह्यांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड बांधले होते.

येथे ही कथा समाप्त झाली. आपण आपला वेळ खर्चून ती शेवटपर्यंत वाचलीत, याबद्दल मी सर्व वाचकांचा अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
तात्या बॅटरीवाला