इंदूची फणी

शाळेच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं चपराशी होतो. रिटायर होऊन चार वर्षं झाली, बायको इंदूले जाऊन एक. तवापासून रायपुरातल्या गुढियारीच्या घरी मले कोणी आवाज देत नाही. पोरगा नवा रायपुरात. 'आता हूँ पापा' म्हणते, अन् येत नाही.

अशात शाळेतल्या सायन्सच्या सोनिया मॅडमचा फोन आला, "भैया, चार्जवाला प्रयोग हमसे नहीं हो रहा, आप दिखा दो," तसा मी लोकरीचा स्वेटर चढवला अन् इंदूची प्लास्टिकची फणी रुमालात गुंडाळून घेतली. तिच्या दातांत इंदूचे तीन केस होते, मेंदीनं तांबडे. वर्षभर मी ते काढले नव्हते.

शाळेत घासायले प्लास्टिकची पट्टी नव्हती काय? होती. पण मले शान मारायची होती! हा प्रयोग दरसाल इंदूच्याच फणीनं, वर्गात तिच्याच केसांत घासून होये. मी पडलो टकला. अन् तेलकट केसांत फणी चार्ज होत नाही, म्हणून इंदू आदल्या दिवशी शिकेकाईनं न्हाये, तेल लावत नसे. "तुमच्या शाळेपायी डोकं दुखते माह्यं," म्हणे. पण दरसाल न्हाये.

वर्गात मी ऐटीत सांगतलं. घासून चार्ज येते, टेकवून येते, अन् नुसतं जवळ नेलं तरी येते. दूर नेलं का जाते. केस सांभाळत फणी स्वेटरवर घासली, बाटलीत तारेले टांगलेल्या वर्खाच्या पानांजवळ नेली. चार्ज असला का ती फाकतात. पानं ढिम्म! पोट्टे हसले.

"हसता काहून रे?" मी त्यांच्यावर खेकसलो.

तेवढ्यात मॅडमनं फणी घेतली. "तेल लगा है, भैया." अन् बाजूच्या नळाखाली साबणानं खसखसून धुतली. मी "अहो मॅडम" म्हणेपर्यंत झालं होतं.

मी फणी पुसून पुन्हा स्वेटरवर घासली. पानं फटकन फाकली. पोट्ट्यांनी टाळ्या पिटल्या.

"वाह भैया! अगले साल भी आना."

"हव," म्हटलं. तिले काय बोलू? तिची काय चूक? मीच शहाणा, घरून घेऊन गेलो.

सारे गेल्यावर नळाखालच्या जाळीत बोट घालून पाह्यलं. काहीच नव्हतं.

घरी येऊन फणी आरशापुढं ठेवली अन् रडलो. आता टकल्याच्या घरात लख्ख फणी आहे. तिचं मी काय करू?