मोदूला कोण सांगणार

बकारीनं घरात आल्या आल्या फोन बंद केला आणि मायक्रोवेव्हवर पालथा ठेवला. तिथंच माझं डोकं फिरलं. हा गॅम्बियाच्या फुटबॉल टीमचा मॅनेजर. आख्ख्या देशाचा. ह्याचं निम्मं काम फोनवर चालतं. असा माणूस फोन पालथा घालतो म्हणजे कुणाला तरी तोंड चुकवतो. बरं, आलाय जेवायला आणि चेहरा असा, जसं मी ताटात एरंडेल वाढणार आहे.

बकारी माझा कोण, ते सांगते. इकडे इंग्लंडात फुटबॉल क्लबवाले बाहेरून आलेल्या पोरांना घरोघर ठेवतात. घरवालीनं त्यांना जेवूखाऊ घालायचं, वेळेवर झोपवायचं. आमचे हे गेले आणि वॉटफर्डच्या घरातली वरची खोली रिकामी पडली, तेव्हा मी नाव दिलं. बकारी आला. त्याला हलाल लागायचं, माझ्या घरात मटण शिजतच नाही, त्यामुळे क्लबच्या बाईचा घोर मिटला. पोरगं भरल्या वांग्यावर वाढलं. दोन वर्षांनी त्याच्याच देशाचा मोदू आला, शेजारच्या पलंगावर. दोघं मला आई म्हणायला लागले. माझं इंग्रजी दुकानापुरतं, त्यांचं मराठी ताटापुरतं, पण आमचं कधी अडलं नाही.

पुढे बकारीचा गुडघा गेला. तिशीच्या आत खेळ संपला. त्या दिवसांत त्याला हॉस्पिटलला नेणं-आणणं, जिन्यावरून पाठुंगळी उतरवणं, सगळं मोदूनं केलं. मग बकारी कोचिंग शिकला, लहान पोरांच्या टीमा सांभाळल्या, देशाच्या टीमचा असिस्टंट झाला आणि गेल्या वर्षी मॅनेजर. कॅप्टन मोदू. मी गल्लीतल्या गोऱ्या म्हातारीपासून देवळातल्या बायकांपर्यंत सगळ्यांना ऐकवलं, की दोघंही माझ्याच तव्यावरचे.

त्यामुळे त्या रविवारी बकारी जेवायला येतो म्हणाला, तर मी त्याला न विचारता मोदूलाही बोलावलं. घरातलं एक पोरगं जेवायला येणार आणि दुसऱ्याला कळवायचं नाही, ही कुठली रीत?

"मोदूपण येतोय हं," मी पोळी लाटता लाटता म्हटलं.

बकारी खुर्चीत बसता बसता थांबला. "इथं? आज?"

"मग काय दिवाळीला? का रे?"

"आई, तो नाहीये."

"कुठं नाहीये?"

"आफ्रिका कपच्या टीममध्ये. संध्याकाळी नावं जाहीर होतील."

तव्यावरची पोळी करपली. मी विचारलं, "त्याला सांगितलंस?"

"एअरपोर्टवरून फोन करणार होतो."

"विमान उडायच्या आधी, का उडाल्यावर?"

तो मग हळूच म्हणाला, "तू सांगशील? तुझं तो ऐकतो."

"टीम मी निवडली का, मेल्या? तो आला की आधी सांग. पानं मग घेते."

तेवढ्यात बेल वाजली.

मोदू आला तो आरडाओरडा करतच. बकारीला कडक सॅल्यूट ठोकला, "कोचसाहेब!" मग मला उचलून गोल फिरवलं. मी ओरडले, "ठेव खाली, माझी हाडं काय तुझ्या देशानं दिलीत?" तो हसून ताटं मांडायला लागला. बकारी त्याच्याकडे बघत उभा राहिला, तोंड उघडलं, आणि म्हणाला काय, तर "ट्रॅफिक होता का?"

पानं घ्यावी लागली.

"माझ्या आईचं तिकीट काढलं," मोदू घास घेत म्हणाला. "चालवत नाही तिला, पण म्हणते, तुझा शेवटचा कप, मी स्टेडियममध्ये बसूनच बघणार. कोचसाहेब, तिला पुढची सीट द्या हां!"

बकारी आमटीत असा बघत होता, जसं त्याचं काहीतरी तिच्यात पडलंय. मी टेबलाखालून त्याला लाथ मारली. त्यानं पाय आत ओढून घेतला.

आता खरं सांगायचं तर मोदू पूर्वीसारखा राहिला नाही. मागच्या मॅचला वळायला त्याला लॉरीएवढी जागा लागली, आणि समोरचं पोरगं त्याला ओलांडून गेलं, ते माझ्या चष्म्यातूनही दिसलं. मी ते कुणाजवळ बोलले नव्हते. पण समोर तो पोटभर हसत जेवतोय आणि आपल्याला ठाऊक आहे, हे काही घशाखाली उतरेना. मग मी काय केलं? वाढत सुटले. वांगं वाढलं, वर तूप, परत वांगं. तो नको नको म्हणतोय आणि माझा हात थांबत नाही.

"आई, तबास्कीचा मेंढा आहे का मी? असं चारतेस ते!"

तबास्की म्हणजे त्यांची बकरी ईद. बकारीला ठसका लागला. मी पाणी आणायला उठले आणि सिंकजवळ उगाच उभी राहिले. एक वाक्य होतं. मलाही म्हणता आलं असतं. मी नळ सोडला आणि बंद केला.

जेवण झालं. मोदूला आपल्या लेकीला पोहायच्या क्लासहून आणायचं होतं. त्यानं जॅकेट घातलं, दारापर्यंत गेला आणि परत फिरला. वाकून पाया पडला, आणि उजवा तळवा पुढे केला. मॅचला जाताना मी दोघांच्या हातावर दही-साखर घालायची, जशी आम्ही परीक्षेला निघालेल्या पोरांच्या हातावर घालतो, तशी.

"आजच दे, आई. जायच्या आधी परत यायला जमणार नाही."

मी बकारीकडे पाहिलं. बकारीनं खिडकीबाहेर पाहिलं.

जो कपला जाणारच नाही, त्याच्या हातावर दही कसं घालू? आणि न घालू तर कसं?

"दही संपलं," मी म्हटलं.

टेबलावर वाडगा होता. काठोकाठ भरलेला, वरची साय पण मोडली नव्हती. मोदूनं वाडग्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्याचा हात तसाच पुढे राहिला होता, तो त्यानं सावकाश मिटला.

"कधीपासून?" त्यानं बकारीला विचारलं.

"गुरुवारपासून."

"आणि आई, तुला?"

"तू यायच्या जरा आधीपासून," मी म्हटलं.

मला वाटलं, दोन शिव्या द्याव्यात यानं, मलाही द्याव्यात. त्यानं आपलं ताट उचललं, सिंकमध्ये धुतलं, पालथं घातलं. "आईला फोन करतो," एवढंच म्हणाला. कुठली आई, ते मला माहीत होतं. दार त्यानं आवाज न करता लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी तिथंच उभी. त्याच्या ताटातलं पाणी ओट्यावर निथळत होतं. आयुष्यात मी कुणाला घाबरून खोटं बोलले नाही, अशी माझी मिजास. आणि बोलले ते कुणाशी, तर जो माझ्यासमोर हात पसरून उभा होता त्याच्याशी. बकारीनं मोठ्ठा श्वास सोडला. दिवसभरात पहिल्यांदा पोळीचा तुकडा मोडला.

"बरं झालं, आई," तो म्हणाला. "तुझ्याकडून कळलं ते बरं झालं."

मी त्याच्या पुढचं ताट ओढून घेतलं.

"बरं कुणाचं झालं रे? त्याला काढलंस त्यात तुझी चूक नाही, तो आता पळत नाही हे मलाही दिसतं. पण तोंडानं सांगायचं काम तुझं होतं, आणि ते तू एका म्हातारीच्या गळ्यात घातलंस. मी घालू दिलं, त्याचं माझं मी बघीन. तू मॅनेजर चांगला असशील, बकारी. पण माणूस भित्रा निघालास."